‘स्राव’ आणि ‘पात’

आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंतच्या गर्भनाशास ‘गर्भस्राव’ म्हटले, पाचव्या-सहाव्या महिन्यातील गर्भनाशास ‘गर्भपात’. व्यवहारातील मराठीत हा भेद उरला नाही. आपोआप झालेला काय आणि करविलेला काय, दोन्ही ‘गर्भपात’च. या भेदाचे मोल मला कळले ते विमानात.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून हेब्बाळला राहत असताना एका चर्चासत्रासाठी मी पुण्याला निघाले होते. नववा आठवडा होता. विमान आकाशात असतानाच रक्तस्राव सुरू झाला. उतरेपर्यंत पट्टा बांधून बसून राहण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते.

पुण्यात घरच्या वडीलधाऱ्या बायकांनी हळूच विचारले, ‘‘विमानाने कशाला आलीस गं?’’ डॉक्टरांनी सांगितले की, सुरुवातीच्या अशा गर्भनाशांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. विमानप्रवास हे त्याचे कारण नव्हे.

मनुस्मृतीने अशा स्त्रीला गर्भाच्या महिन्यांइतक्या रात्रींची अशुद्धी सांगितली. १९६१ च्या प्रसूति लाभ अधिनियमाने ६ आठवड्यांची सवेतन रजा. एकात विटाळ मोजला आहे, दुसऱ्यात विश्रांती. ठपका मात्र भाषेत दडून राहतो: ‘पात’ आणि ‘पातक’ यांचा धातू एकच. ‘स्राव’ या शब्दात कोणी कोणाला पाडलेले नाही. म्हणून मी तोच शब्द वापरते.