बरोसाची शिराझ

ॲडलेड शहर पूर्वेला जिथं टेकड्यांना लागतं, तिथं मॅगिल आहे. वस्तीच्या मधोमध टिकून राहिलेली द्राक्षबाग आणि जमिनीखाली वाइन मुरवायला खोदलेले बोगदे. डॉ. ख्रिस्तोफर पेनफोल्ड आणि त्यांची पत्नी मेरी यांनी १८४४ मध्ये इथं बस्तान बसवलं. मला जायचं होतं बरोसा खोऱ्यात, पण मॅगिलला थांबल्याशिवाय पुढं जाववेना. शिराझ द्राक्षाची वाइन वर्षानुवर्षं मुरते आणि मुरून उजळते, हे ऑस्ट्रेलियाला पटवणारा, पेनफोल्ड कंपनीचा वाइनमेकर मॅक्स शुबर्ट इथलाच.

१९५० मध्ये शुबर्ट युरोपला गेला. बोर्दोमध्ये त्यानं कित्येक दशकं जुन्या, तरीही ताठ उभ्या असलेल्या वाइन चाखल्या. तसं काही आपल्या मातीत करायचं तर बोर्दोचं काबर्ने द्राक्ष पुरेसं नव्हतं. शिराझ मात्र मुबलक होती. १९५१ मध्ये त्यानं नव्या अमेरिकन ओकच्या पिंपांत शिराझ मुरवली आणि ‘ग्रेंज’चा पहिला प्रयोग झाला. जाणकारांनी नाकं मुरडली. १९५७ मध्ये वरून हुकूम आला, हे बंद करा. पुढची तीन वर्षं त्यानं ती लपूनछपून केली, नव्या पिंपांचा खर्च उघड झाला असता म्हणून नव्या ओकवाचून. दरम्यान सुरुवातीच्या बाटल्या अंधारात निवत होत्या. त्या पुन्हा चाखल्यावर मालकांचं मत पालटलं, १९६० मध्ये काम रीतसर सुरू झालं, आणि १९६२ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत १९५५ च्या ग्रेंजला सुवर्णपदक मिळालं. त्या बोगद्यांच्या गारव्यात ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा आला. स्वतःच्या जिभेवर एवढा भरवसा ठेवायचा म्हणजे केवढी छाती हवी!

तिथून तासाभरात बरोसा. गॉलर मागं पडलं की निलगिरीची झाडं, वाळून पिवळं पडलेलं गवत आणि त्यामध्ये हिरवे पट्टे. इथं फेब्रुवारी म्हणजे कडक उन्हाळा आणि काढणीची सुरुवात. सायलेशियातून आलेल्या लुथरपंथी कुटुंबांनी १८४२ मध्ये बेथनी हे गाव वसवलं, आणि लगेच पुढच्या वर्षी लागलेल्या शिराझच्या वेली लँगमाइल वाइनरीच्या बागेत अजून फळ धरतात.

बागेच्या फाटकावर पाटी असते: परवानगीशिवाय आत येऊ नका. बुटाला चिकटलेल्या मातीतून फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड येऊ शकते. एकोणिसाव्या शतकात तिनं युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती अजून शिरलेली नाही. म्हणून इथले म्हातारे वेल स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. आमच्या नाशिकचा बागायतदार मात्र डॉगरीजच्या खुंटावर कलम करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी घेतो, आणि उत्पन्न उतरलं की बाग काढतो. इथं हिवाळ्यात वेल पानं झाडून झोपी जातो, वर्षातून एकदाच फळतो. पीळ पडलेलं, चिरफाळलेलं खोड मांडीएवढं जाड. घड मोजके, मणी लहान, साल जाड. शिराझचा काळा रंग आणि तिला टिकवून धरणारं बरंचसं टॅनिन त्या सालीतून येतं.

हे वेल वाचले तेही थोडक्यात. १९८० च्या दशकात द्राक्षं इतकी झाली की वेल उपटायला सरकारनंच पैसे दिले. कितीतरी जुन्या बागा तेव्हा गेल्या. पीटर लेहमन, रॉकफर्ड वाइनरीचे रॉबर्ट ओ’कॅलहन अशा वाइन करणाऱ्या मंडळींनी जुन्या वेलींची द्राक्षं विकत घेऊन शेतकऱ्यांना धीर दिला, म्हणून आज या बागा आहेत. मला बरोसाचे खरे नायक हेच वाटतात.

टनंडाजवळच्या एका छोट्या वाइनरीत एकाच बागेच्या दोन शिराझ शेजारी ठेवल्या होत्या. कोवळी जांभळी-काळी, पेल्यापलीकडचं बोट दिसू नये इतकी दाट. पिकलेलं आलुबुखार, डार्क चॉकलेट, मिरी, ओकची व्हॅनिला, आणि शेवटी हिरड्यांना आवळणारा तुरटपणा. दुसरी वीस वर्षांची. ती गाळ मागं राहील अशा बेतानं आधी काचेच्या सुरईत ओतली. कडेला विटकरी झाक. वास चामड्याचा, सुक्या अंजिराचा, तंबाखूच्या पानाचा. टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात, काही तळाशी बसतात आणि तुरटपणा मऊ होतो, हे वाचलं होतं. जिभेवर ते मुरलेल्या लोणच्याइतकं सहज कळलं. फळ मात्र गेलं नव्हतं. ते खाली होतं, सावकाश वर येत होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या उंचावरच्या ईडन व्हॅलीत गेलो. ग्नाडेनबर्गच्या दगडी चर्चसमोर हेन्श्के कुटुंबाची ‘हिल ऑफ ग्रेस’ ही बाग. तिच्यातले सर्वांत जुने वेल १८६० च्या सुमाराचे. ती रस्त्यावरूनच पाहिली. जवळच या भागातल्या दुसऱ्या एका वाइनरीची शिराझ चाखली. इथं हवा थंड, म्हणून वाइन जरा सडपातळ, आंबटपणा टवटवीत, मिरी आणि ओव्याच्या जातीचा वास पुढं. खोऱ्यातली शिराझ पहिल्याच घोटात जिंकते. मला ही जास्त आवडली. एक बाटली घेतली. दहा वर्षं तरी उघडू नका, असं वाइनरीतल्या बाईंनी बजावलं, आणि आडवी, अंधारात, पंधरा अंशांच्या आसपास ठेवायला सांगितलं. नाशिकच्या मे महिन्यात ते घरी जमणार नाही, म्हणून ती ॲडलेडला भाचीच्या तळघरात ठेवून आलो.