माळावरचा रातवा

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगांलगत विस्तीर्ण माळराने पसरलेली आहेत. मुरमाड जमीन, उन्हाने पिवळे पडलेले कुसळी गवत, मधूनच एखादे बोरीचे वा तरवडाचे झुडूप आणि दूरवर चरणारा शेळ्यांचा कळप, एवढेच तेथे नजरेस पडते. 'केवढा हा उजाड माळ!' असे मनाशी म्हणत वाटसरू पुढे पाऊल टाकतो, तोच त्याच्या पायाजवळचे मातीचे ढेकूळ पंख पसरते आणि आवाज न करता उडून जाते! ज्याला तो ढेकूळ समजला, तो असतो रातवा.

रातवा आकाराने साळुंकीएवढा. राखी, तांबूस, पिवळसर आणि काळ्या रंगांची त्याच्या अंगावरील नक्षी पाहिली म्हणजे वाळका पाला आणि माती यांची कोणी गोधडी शिवली आहे की काय, असे वाटते. दिवसभर तो जमिनीला चिकटून निश्चल बसतो. डोळे मात्र पुरते मिटत नाही. बारीकशी फट ठेवून तो येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवतो. शत्रू अगदी अंगावर येईपर्यंत तो हालत नाही, कारण हालचाल झाली की सोंग उघडे पडते. त्याला घरटे ठाऊक नाही. मादी उघड्या जमिनीवरच बहुधा दोन अंडी घालते. आफ्रिकेतील झांबिया देशात रातव्यांवर झालेले एक संशोधन 2017 साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक पक्षी आपल्या स्वतःच्या रंगाशी जुळेल अशीच जागा बसण्यासाठी निवडतो, असे त्यात आढळून आले.

अशा पाखराला ओळखावे तरी कसे? रातव्याच्या निरनिराळ्या जाती दिसण्यात इतक्या सारख्या असतात की, जाणकारही डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबतात. दिवेलागणीला माळ शांत झाला की, 'चक्‌, चक्‌, चक्‌‌ऽ तुकर्र' असा स्वर ऐकू येतो. गुळगुळीत फरशीवर चेंडू सोडावा आणि त्याचे टप्पे जवळ जवळ येत थांबावेत, तसा तो भासतो. हा आपला नेहमीचा रातवा. त्याचाच भाऊबंद असलेला फ्रँकलिनचा रातवा मात्र उडता उडता एकेक तीक्ष्ण स्वर काढतो.

या निरुपद्रवी पक्ष्यावर युरोपात फार जुना आळ आहे. तो रात्री शेळ्यांचे दूध पितो, असे लोक मानीत. ॲरिस्टॉटलसारख्या विद्वानानेही ते लिहून ठेवले, आणि रातव्याच्या शास्त्रीय नावातही 'शेळीचे दूध काढणारा' हाच अर्थ कायमचा राहिला. ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध आहे, तेथे तरी या आळाचा उलगडा व्हायला हवा! कळपाभोवती कीटक घोंगावतात, आणि रातव्याला हवे असतात ते कीटकच. त्याची चोच इवलीशी, पण जबडा मोठा. तो वासून अंधारात उडता उडता तो पतंग आणि भुंगेरे टिपतो. शेतकऱ्याच्या या सोबत्याला दूधचोर ठरविले गेले, ते केवळ नीट न पाहिल्यामुळे.

आज त्याच्यावर खरे संकट आले आहे ते निराळेच. रात्री तो रस्त्यावर येऊन बसतो. वाहनाच्या दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे तांबडे चमकतात. सवयीप्रमाणे तो स्तब्ध राहतो. ससाण्याच्या नजरेपासून वाचविणारी ही युक्ती चाकापुढे व्यर्थ ठरते. शिवाय माळ म्हणजे पडीक जमीन, असे समजून ती नांगरली वा खणली गेली, तर अंडी घालण्यास त्याने जावे कोठे? येडशीजवळच्या रामलिंग घाटातील वनाला 1997 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण बहुतेक माळरानांना असे कुंपण नाही. तेथे रातव्याचे रक्षण माणसाच्या जाणतेपणावरच अवलंबून आहे.

म्हणून तिन्हीसांजेला माळाच्या कडेला मुकाट्याने उभे राहावे. आधी कान द्यावा, मग डोळा. चालताना पायाखाली पाहावे. मातीच्या रंगात मिसळलेली दोन अंडी दिसलीच, तर हात न लावता, आल्या पावली मागे फिरावे. थोडा वेळ गेला की, झुडपाआड गेलेली आई जमिनीलगत उडत परत येते, अंड्यांवर बसते आणि पुन्हा माळाशी एकरूप होऊन जाते.