विझवलेला दिवा

'तक्रार' हा शब्द आपण फारसीकडून घेतला आणि फारसीने तो अरबीकडून घेतला. अरबीत त्याचा मूळ अर्थ गाऱ्हाणे असा नसून पुनरावृत्ती, म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणे किंवा सांगणे, असा आहे. एवढा लांबचा प्रवास करताना शब्दाचे रूप बहुतेक तेच राहिले, अर्थ मात्र पालटला. जे पुन्हा पुन्हा सांगावे लागते तेच गाऱ्हाणे, अशी काहीशी संगती लोकांनी मनाशी लावली असावी. या मूळ अर्थाची आठवण मला अलीकडे वारंवार होते. आणि ती करून देणारा कोणी कोशकार नसून आमच्या घरची मोटार आहे.

वरूड-मोर्शीच्या या संत्र्यांच्या मुलुखास हौशी लोक विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणतात. ज्या वर्षी आंबिया बहर साधतो आणि भावही बरा मिळतो, त्या वर्षी गावात नव्या मोटारी येतात, आणि त्या बहुधा मोठ्या, उंच, सात माणसांच्या असतात. ही केवळ चैन आहे असे समजण्याचे कारण नाही. वृद्ध वडिलांना नागपूरच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे, बाळंतपणाला आलेल्या लेकीला अमरावतीस पोहोचवावयाचे, महाशिवरात्रीस सालबर्डीला सारे घर घेऊन जावयाचे, ही सर्व कामे एकाच वाहनाने करावयाची असतात. गाडी दाराशी आली की चाकाखाली लिंबू चिरडतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पाहावयास आलेला प्रत्येक मनुष्य दोन प्रश्न विचारतो: लिटरला किती जाते आणि माणसे किती बसतात? ती थांबते कशी, आणि आदळली तर आतल्या माणसांचे काय होते, हे कोणी विचारीत नाही. अशा मंगल वेळी असले विचारणे अभद्र मानले जाते.

मोठे ते भक्कम, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. बैलगाडीच्या काळात ती खरीही असेल. परंतु २०१६ साली 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतीय मोटारी आदळवून पाहिल्या, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात दबदबा असलेल्या स्कॉर्पिओच्या एअरबॅग नसलेल्या गाडीस पाचपैकी शून्य तारे मिळाले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्याच घराण्यातील नव्या रचनेच्या स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले. दोन्ही गाड्या थोरच होत्या. रस्त्यावर दोघींचाही रुबाब सारखाच. फरक होता तो सांगाड्याच्या रचनेत आणि आतील संरक्षक साधनांत, म्हणजे जे पेढे खाणाऱ्यांस दिसत नाही त्यात.

जे दिसत नाही ते कळावे कसे, याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेत घडले. फोर्ड कंपनीची 'एक्सप्लोरर' ही तेथील मध्यमवर्गीय कुटुंबांची अतिशय आवडती गाडी. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर बसविलेले असत. उन्हाळी प्रांतांत, वेगात असताना, या टायरचा वरचा थर सोलून निघे आणि उंच बांध्याची गाडी उलटे. गाडी स्थिर राहावी व धक्के कमी बसावेत म्हणून फोर्डने हवेचा दाब २६ पौंड ठेवण्यास सांगितले होते. त्याने टायर अधिक तापत, असे टायरवाल्यांचे म्हणणे. टायरच सदोष, असे मोटारवाल्यांचे म्हणणे. या वादापायी सुमारे शंभर वर्षांचा त्यांचा घरोबा २००१ साली तुटला. परंतु मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. १९९८ साली एका विमा कंपनीतील संशोधकाने आपल्याकडील कागद चाळता चाळता अशा २१ अपघातांची नोंद एकत्र केली आणि ती सरकारी खात्यास कळविली. कोणी लक्ष दिले नाही. १९९९ साली फोर्डने सौदी अरेबिया व आसपासच्या देशांत हे टायर बदलून दिले. मात्र ते सुरक्षिततेसाठी परत बोलावीत आहोत असे न म्हणता ग्राहकांच्या समाधानाचे कार्य असे त्यास नाव दिले, आणि स्वदेशी सरकारला त्याची वार्ता दिली नाही. अखेर ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनला ६५ लाख टायर परत घ्यावे लागले. सरकारी मोजणीनुसार तोवर झालेल्या मृत्यूंची संख्या पुढे २७१ वर गेली. त्याच वर्षी तेथे कायदा झाला की, परदेशात अशी दुरुस्ती केली तरी तिची खबर पाच दिवसांत सरकारला द्यावी. 'समाधान' हा शब्द किती माणसांना महाग पडू शकतो, हे या प्रकरणावरून कळते.

आता आमच्या मोटारीकडे वळतो. ती घेऊन तीन वर्षेही झाली नव्हती, तोच समोरच्या फळीवर एअरबॅगचा तांबडा दिवा लागू लागला. गाडी सुरू करताच हा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. तो लागूनच राहिला, तर आपल्याच अंगात काही बिघाड आहे असे गाडी सांगत असते, आणि ऐन प्रसंगी ती पिशवी उघडेल याचा भरवसा उरत नाही. पापणी लवण्याच्या आत जिने आपले काम करावयाचे, तिच्याविषयीचा हा भरवसा. गाडी कार्यशाळेत नेली. तंत्रज्ञाने आपले यंत्र जोडले, दिवा विझविला आणि सांगितले, "काही नाही सर, सेन्सर आहे." महिन्याभराने दिवा पुन्हा लागला; पुन्हा विझविण्यात आला. तिसऱ्या खेपेसही तेच. या काळात माझा मुलगा दर आठवड्यास त्याच गाडीने नागपूरला जात-येत होता, आणि शनिवारी रात्री फाटकाचा आवाज येईपर्यंत त्याची आई जेवावयास बसत नसे.

शेजारच्या बागाइतदाराला ही हकिकत सांगितली, तेव्हा त्याने आपल्या वऱ्हाडीत मला विचारले, "दिवा विझवला म्हंजे रोग गेला काय सर? डिंक्यावर नुसता चुना फासून झाड वाचते काय?" कार्यशाळेतील यंत्राने जे निदान झाले नाही, ते या माणसाने दोन वाक्यांत केले.

संत्र्याच्या बागेत राहणाऱ्याला झाकलेल्या दोषाची ओळख फार जवळून असते. आमच्या शेजारच्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून कलमे दूरदूर जातात. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. कलम घेताना शेतकरी पाने पाहतो, उंची पाहतो. खुंट कशाचा आणि डोळा कोणत्या झाडाचा, हे मात्र त्याला विकणाऱ्याच्या शब्दावरच मानावे लागते. झाड फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. खोट असेल तर ती तेव्हा दिसते. तोवर पावती हरवलेली असते, आणि कधी कधी विकणाराही हरवलेला असतो. मग मनुष्य कपाळाला हात लावून प्राक्तन म्हणतो आणि कुऱ्हाड हाती घेतो. बांधापलीकडच्या चार बागांतही तेच झाले असेल, ही शंका त्याच्या मनात येत नाही. कारण प्राक्तन हे नेहमी एकट्याचे असते. कारखान्यातला दोष मात्र एकट्याचा कधीच नसतो. एका साच्यातून निघालेला भाग हजारो गाड्यांत बसलेला असतो, आणि हजार कुटुंबे आपापल्या घरी बसून आपल्याच नशिबाला बोल लावीत असतात.

मोर्शीच्या एका लग्नात मला हे साक्षात दिसले. मांडवाबाहेर आमच्याच गाडीच्या आणखी तीन बहिणी उभ्या होत्या, आणि बोलण्यातून कळले की तिघींचाही दिवा लागतो. एकाने दिवा विझविण्याचे पैसे दिले होते. दुसऱ्याने दिव्यावर काळी टेप चिकटविली होती आणि तो निश्चिंत झाला होता. आम्ही चौघांनी मिळून एक पत्र लिहिले. त्यात चारही चॅसी क्रमांक, दिवा लागल्याच्या तारखा आणि तोवर झालेले किलोमीटर, एवढेच दिले. विशेषणे सर्व गाळली. यापूर्वीच्या तीन खेपांना जे झाले नव्हते, ते या पत्राने झाले. स्टिअरिंगखाली वेटोळे करून बसविलेली एक तारपट्टी चारही गाड्यांत तुटलेली निघाली आणि ती बदलून मिळाली. परंतु कंपनीने कळविले की हे केवळ सदिच्छेपोटी केले आहे, दोष म्हणून नव्हे; आणि समाधान झाल्याच्या कागदावर आमच्या सह्या मागितल्या. पुन्हा तेच समाधान! जो ओरडतो त्याला कृपा म्हणून द्यावे, म्हणजे जो ओरडत नाही त्याला हक्क म्हणून मागता येत नाही, अशी ही युक्ती आहे. आम्ही सह्या केल्या नाहीत. काय तुटले आणि काय बदलले, हे जॉब कार्डावर लिहून द्या, एवढेच म्हणालो. बऱ्याच विनवण्यांनंतर एक ओळ लिहून मिळाली.

त्या ओळीस किंमत आहे, कारण आता कायदा आपल्या बाजूस उभा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम घालण्यात आले आणि १ एप्रिल २०२१ पासून ते अमलात आले. एखाद्या प्रकारच्या वाहनात चालकास, आतील माणसांस वा रस्त्यावरील इतरांस अपाय करणारा दोष असेल आणि ठराविक प्रमाणात मालकांनी तो कळविला, किंवा चाचणी करणाऱ्या संस्थेने वा अन्य कोणी निदर्शनास आणला, तर केंद्र सरकार ती वाहने परत बोलाविण्याची आज्ञा देऊ शकते. मग उत्पादकाने दोष दुरुस्त करावा, वाहन बदलून द्यावे किंवा पैसे परत करावेत. सक्तीने बोलवावे लागल्यास दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडही आहे. ठराविक प्रमाणात मालकांनी कळविणे, ही त्यातील अट वाचताच मला अरबी शब्दाचा तो मूळ अर्थ आठवला. एकाने सांगितले तर गाऱ्हाणे. अनेकांनी तेच सांगितले तर पुरावा. एकट्याने लढणाऱ्यालाही न्याय मिळतो, नाही असे नाही. अपघातात ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून दिल्लीतील एका गृहस्थाने दाद मागितली, तेव्हा टक्कर पुरेशा जोराची नव्हती असा बचाव झाला. ग्राहकाने वेग आणि बल यांचे गणित मांडणारा पदार्थविज्ञानाचा पंडित असावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२२ रोजी सांगितले आणि बदली गाडी व भरपाई देण्याचा निर्णय कायम केला. परंतु अपघात २०१७ चा आणि अखेरचा निकाल २०२२ चा! एवढा धीर प्रत्येकाजवळ असत नाही.

गाड्या परत बोलाविल्याची बातमी आली की आपल्याकडे ती नालस्ती समजली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही-७०० या १,०८,३०६ गाड्या इंजिनाजवळील तारांची मांडणी तपासण्यासाठी बोलाविल्या. त्याच वर्षी जानेवारीत मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या नियंत्रकासाठी बोलाविल्या होत्या. दोन्ही वेळी पारावर ऐकू आले की, पाहा, गाडीच वाईट! मला हे ऐकून जुन्या मराठी पुस्तकांतील शुद्धिपत्राची आठवण होते. ज्या पुस्तकाला शुद्धिपत्र आहे त्यात चुका अधिक आणि ज्याला नाही ते निर्दोष, असे कोणता वाचक म्हणेल? शुद्धिपत्र छापणाऱ्याने निदान आपले पुस्तक पुन्हा वाचलेले असते. मात्र दोहोंत एक भेद आहे. शुद्धिपत्र पुस्तकाच्या अंगाशीच बांधलेले असते. मोटारीचे शुद्धिपत्र टपालाने येते, आणि ते मूळ धन्याच्या पत्त्यावर जाते. आमच्या तालुक्यातील कितीतरी गाड्या नागपूर-पुण्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेल्या आहेत. पत्र कोथरूडच्या एखाद्या जिन्याखालील पेटीत पडून राहते आणि गाडी तोच दोष पोटात घेऊन पुसल्याच्या वाटेने मजूर वाहत असते. शिवाय परत बोलाविण्याचा नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरता आहे. आणि सात वर्षांनंतरच गाड्यांचे खेड्यांत खरे आयुष्य सुरू होते. शहराने भोगून टाकलेली वस्तू खेड्याकडे येताना तिची सुखे शहरात राहतात आणि जोखीम तेवढी इकडे येते.

याचा अर्थ आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, ती मोटार जगातील उत्तमांपैकी होती. पुढील दोघे वाचले, मागे बसलेले दोघे पट्टे न बांधल्यामुळे दगावले. पट्टा बांधण्यास कोणत्याही कारखान्याच्या कृपेची गरज नसते. पण दिवा लागल्यावर तो कोणी परस्पर विझवू नये, एवढे मागण्याचा अधिकार पट्टा बांधणाऱ्यास अधिकच आहे.

आम्हा चौघांपैकी एकाने गेल्या दिवाळीनंतर आपली गाडी पुसल्याकडच्या एका शेतकऱ्यास विकली. सौदा माझ्या ओसरीवरच झाला. किल्ल्या दिल्या, नोंदणीचे पुस्तक दिले, आणि मग विकणाऱ्याने जॉब कार्ड व आमच्या पत्राची एक प्रत काढून पुढे केली. घेणाऱ्याने विचारले, "हे कायले?" तो म्हणाला, "लाल दिवा लागला, तर हे दाखवजो. अन् नाव पयले आपल्या नावावर करून घे, म्हंजे पत्र आलं तर तुह्या घरी येईल." घेणाऱ्याने ते कागद दोनदा वाचले, नीट घडी करून नोंदणीच्या पुस्तकात ठेवले, आणि मग लिंबू आणावयास मुलाला पिटाळले.