मुलाच्या वतीने

मूल जन्माला आलं की त्याच्या नावावर बँकेत पैसे पडण्याआधी त्याची माहिती जमा व्हायला लागते. सुरुवात जन्मदाखल्यापासून. मग निळं बाल आधार; पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे त्यात घेत नाहीत, ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. पुढे बालवाडीचा अर्ज, शाळेची ‘सरल’ आणि यू-डायसवरची नोंद, २०२३ पासून आलेला बारा अंकी ‘अपार’ क्रमांक, शिकवणीचं ॲप, स्कूलबसचं ॲप. दहावीपर्यंत त्याच्याबद्दल जे काही साठतं त्यातलं बरंचसं त्याला न विचारता दिलेलं असतं. सगळीकडे सही आई-वडिलांची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि पालकही आहे. दोन्ही बाजूंनी पाहून माझं ठाम मत झालंय की ही सही आपण फार सैल हाताने करतो. मुलाची माहिती आपल्या मालकीची नाही. अठरा वर्षांपर्यंत ती आपल्याकडे सांभाळायला आहे, आणि जो सांभाळतो त्याने ती गरजेपुरतीच दुसऱ्याच्या हाती द्यावी.

याला कायद्याचाही आधार आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने दिला. पुढच्याच वर्षी आधारच्या निकालात न्यायालयाने सांगितलं की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, आणि मुलांची नोंदणी पालकांच्या संमतीनेच व्हावी. २०१९ च्या दुरुस्तीने आधार कायद्यात एक छोटं कलम आलं, ते मला फार मोलाचं वाटतं: अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत मूल आपलं आधार रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतं. म्हणजे पालकांनी दिलेली संमती शेवटची नाही, हे कायद्यानेच मान्य केलं. पण आधार रद्द झालं तरी त्याच्या झेरॉक्स रद्द होत नाहीत. शाळेच्या कपाटात, ट्रिप नेणाऱ्या एजंटाच्या मेलमध्ये, स्पर्धापरीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर त्या तशाच राहतात. तो सहा महिन्यांचा हक्क तिथपर्यंत पोचतच नाही.

माहिती पसरते कशी, हे रोज पाहणाऱ्याला त्यात गूढ काही वाटत नाही. वर्गशिक्षिका सोयीसाठी गूगल फॉर्म पाठवतात. नाव, जन्मतारीख, रक्तगट, जात, वार्षिक उत्पन्न, दोघांचे मोबाइल नंबर. उत्तरं एका तक्त्यात जमतात. तो तक्ता मुख्याध्यापकांना हवा असतो, क्लार्कला हवा असतो, म्हणून ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडता येईल असा ठेवला जातो. कुणी तो डाउनलोड करतं, कुणी व्हॉट्सॲपवर पुढे धाडतं. वर्ष संपलं, शिक्षिका बदलल्या, तरी तक्ता जागेवरच. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. मोठ्या व्यवस्थांचंही तेच होतं. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण ॲपचा डेटा असुरक्षित सर्व्हरवर उघडा पडल्याचं जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. त्यात सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती होती. जे गोळाच केलं नाही ते गळत नाही, यापलीकडे मला तरी खात्रीचं संरक्षण ठाऊक नाही.

सगळ्यात नाजूक नोंदी वेगळ्याच असतात. दुसरीतल्या मुलाबद्दल समुपदेशकाने ‘एका जागी बसत नाही, लक्ष टिकत नाही’ असं लिहिलं, तर त्या वर्षी ते उपयोगाचं असतं. त्यावरून मदत मिळते, परीक्षेत सवलत मिळते. तेच वाक्य कायमच्या क्रमांकाला चिकटून बारावीपर्यंत सोबत आलं, तर प्रत्येक नवा शिक्षक मुलाला भेटण्याआधी ते वाक्य वाचणार. कागदाच्या काळात अशा शेऱ्यांवर धूळ बसायची, आणि मुलाला बदलायला वाव मिळायचा.

यावर ‘पण आम्ही संमती दिलीय ना’ असं म्हटलं जातं. स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ इथल्या एका शाळेने हजेरीसाठी बावीस विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांची ओळख कॅमेऱ्याने घ्यायचा प्रयोग केला. संमती घेतलेली होती. तरीही तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये दोन लाख क्रोनर दंड ठोठावला, कारण विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो आणि तिथे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक खरी नसते. आपल्याकडे हे अधिकच लागू आहे. प्रवेशाच्या रांगेत उभा असलेला कुठला पालक ‘हा रकाना मी भरणार नाही’ म्हणेल? आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांचा माग काढण्यावर बंदी घातली, पालकांची पडताळलेली संमती सक्तीची केली. पण नियमांत शाळांना शैक्षणिक कामासाठी आणि सुरक्षेसाठी सवलतही दिली. त्यामुळे घर आणि शाळा यांच्यामधल्या जागेत शेवटी जागं राहायचं ते आपणच.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. महाराष्ट्रात २०११ साली पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरच असलेली किती मुलं सापडली, हे शिक्षणखात्यातल्या कुणालाही विचारा. खोट्या पटावर अनुदान लाटलं जातं तेव्हा खऱ्या मुलाच्या ताटातली खिचडी कमी होते. ओळख पटवणं आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. पण मूल खरं आहे हे सिद्ध करायला त्याची जात, उत्पन्न, आजार आणि आधारची प्रत प्रत्येक सहलीच्या अर्जाला जोडावी लागत नाही. सुरक्षेचंही तसंच. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांत कॅमेरे हवेत या मागणीला विरोध करणं मला शक्य नाही. जिन्यात, व्हरांड्यात, फाटकाशी कॅमेरा असावा; चित्रण कोण पाहणार आणि किती दिवसांनी पुसणार, हे लिहून ठेवावं. दिल्ली सरकारने मात्र वर्गातलं थेट चित्रण पालकांच्या फोनवर देण्याची योजना आणली होती. त्यात मी माझ्या मुलाबरोबर इतर चाळीस मुलंही पाहणार, आणि त्यांचे पालक माझं मूल.

‘लपवण्यासारखं आहे काय?’ असं विचारणाऱ्यांनी शाळेच्या पहिल्या दिवसाचा एखादा फोटो मोठा करून बघावा. मागे शाळेचा फलक, अंगावर गणवेश, गळ्यात ओळखपत्र. त्यावर नाव, इयत्ता, तुकडी, पत्ता, बसचा क्रमांक आणि आईचा मोबाइल नंबर, सगळं वाचता येतं. फोटो गोडच असतो, आजी-आजोबांना जरूर पाठवावा. पण काय लपवायचं हे त्या मुलाने अजून ठरवलेलंच नाही, आणि तो निर्णय त्याच्यासाठी शिल्लक ठेवणं आपल्या हातात आहे.

एकट्या पालकाने अर्जावर रेघ मारली तर तो हेकट ठरतो, म्हणून हे एकत्र करावं लागेल. त्यासाठी नवी संघटना नको. राज्याच्या शुल्क नियमन कायद्याने प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आहेच. तिथे फीवर तासन्‌तास वाद होतात, तिथेच शाळेच्या सगळ्या अर्जांचे नमुने टेबलावर मांडावेत. एकेक रकाना घेऊन विचारावं की हा कुठल्या नियमाने मागता, कुठे ठेवता आणि मूल शाळा सोडून गेल्यावर त्याचं काय करता. ज्या रकान्याला उत्तर नाही, तो पुढच्या जूनच्या अर्जातून काढायला सांगावं.