राखणदाराचा वाटा

मे महिन्यात भर दुपारी आमच्या आवारात सगळ्यात थंड जागा कुठली, ते खंड्याला विचारावं. सकाळी ती मागच्या पडवीत, पाण्याच्या पिंपाशेजारी असते. अकराच्या सुमारास तिथं ऊन पोचतं आणि तो उठून विहिरीच्या कठड्याच्या सावलीत जातो. दुपार चढली की पोफळीच्या आळ्यात. शिंपणाचं पाणी पिऊन गार झालेली तांबडी माती तो पुढच्या पायांनी उकरतो, आपल्या अंगाच्या मापाचा खळगा करतो आणि पोट त्या ओलीला टेकवून पडून राहतो. सावली सरकते तसा तोही सरकतो. नऊ वर्षं मी हे पाहते आहे. घड्याळ न बघता मला वेळ सांगता येते, ती खंड्या कुठं पडलाय यावरून.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला आंब्याच्या बागा सुरू होतात. त्यातलीच एक आमची, चाळीस कलमांची. जांभ्याचा कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून माझ्या सासऱ्यांनी ती लावली. खंड्या तिथलाच गावठी कुत्रा. रंग भाजलेल्या काजूगराचा, उजवा कान टोकाला फाटलेला. दिवाळीच्या सुमारास बागेवर नेपाळी गुरखा येतो, तो जूनपर्यंत राहतो. आणि त्या सगळ्या काळात खंड्याचं घर म्हणजे गुरख्याची खोप. फक्त रात्री बिबट्याच्या भीतीनं आम्ही त्याला पडवीत घेऊन दार लावतो. मोहोर आला की त्याचं काम सुरू होतं. कैरी धरली की वाढतं, आणि आंबा तयार व्हायला लागला की त्याला उसंत नसते. वानरं येतात ती सकाळी कोवळ्या उन्हात आणि दुपार कलल्यावर. एक आंबा खातात, दहा चावून टाकतात. फटाके त्यांना सवयीचे झालेत, बुजगावण्याच्या खांद्यावर तर ती बसतात. खंड्याला मात्र अजून बिचकतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रोहिणी नक्षत्र लागलं होतं, आभाळ भरून येत होतं आणि पडत नव्हतं. कोकणातल्या माणसाला हे दिवस सांगायला नकोत. पारा फार चढलेला नसतो, पण हवा अंगाला चिकटते. हवामान खातं मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणायचा विचार करत नाही, आणि किनाऱ्यावर मात्र ३७ लाच करतं. देशावरून आलेल्या पाहुण्याला ते खरं वाटत नाही. दोन दिवस राहिला की वाटतं. घाम येतो तो सुकतच नाही, आणि सुकल्याशिवाय घाम अंग गार करत नाही.

माणसाचं हे, तर कुत्र्याचं काय? त्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली आग बाहेर टाकायला त्याच्याकडे एक जीभ आहे. तो धापा टाकतो, म्हणजे जिभेवरचं, घशातलं आणि नाकातलं पाणी वाऱ्यावर सुकवतो. एरवी मिनिटाला वीस-पंचवीस श्वास घेणारा कुत्रा उन्हात तीनशेवर जातो. पण समोरची हवाच पाण्यानं जड असेल तर ते पाणी सुकणार कसं? मग धापा वाढतात, धापा टाकण्याच्या श्रमानं अंग आणखी तापतं. विदर्भातल्या कोरड्या उन्हात जे सावलीनं भागतं, ते रत्नागिरीच्या दमट दुपारी भागत नाही.

त्या दिवशी चारच्या सुमारास वानरांची टोळी बागेच्या वरच्या अंगाला उतरली. खंड्या धावला. एकदा पिटाळली, ती फिरून खालून आली. तो पुन्हा धावला. तिसऱ्या वेळी तो परतला नाही. गुरख्याची हाक ऐकून मी गेले तेव्हा तो एका कलमाखाली आडवा पडला होता, जीभ गडद लाल, डोळे उघडे पण बघत नव्हते. मी पशुवैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी गार करा, मग गाडीत घाला." गुरखा तोवर विहिरीवर पोचलाही होता. त्यानं कळशीमागून कळशी ओतली, पोटावर, काखेत, पंजांवर. मी सूप घेऊन वारा घातला. धान्य पाखडायच्या सुपानं मी एका जिवाला वारा घालते आहे, हे भानही मला नंतर आलं. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ ओलांडलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. दवाखान्यात मोजलं तेव्हा ते साडेएकोणचाळीसपर्यंत उतरलं होतं. सलाईन लावलं. रात्री तो स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला.

ओटीवर सासूबाई वाट बघत बसल्या होत्या. खंड्या त्यांच्या पायाशी जाऊन पडला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, बागेच्या राखणदाराला आपण दरवर्षी राखण देतो. ह्यानं आज जीव घातला होता. ह्याची राखण कोण देणार?"

कोकणाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण बाग, घर, विहीर, गुरंढोरं यांच्यावर त्याची नजर असते. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, कुणी नारळ ठेवतं, कुणी कोंबडा देतं. न दिसणाऱ्या राखणदाराचं देणं कोकणी माणूस चुकवत नाही. दिसणारा राखणदार मात्र ताटातल्या उरल्यासुरल्यावर जगतो.

गुरखा पायरीवर बसून ऐकत होता. दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या दिवशी, त्यानं खंड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती, कपाळाला टिळा लावला होता आणि समोर गोडधोड ठेवलं होतं. नेपाळात त्या दिवसाला कुकुर तिहार म्हणतात. तिहारच्या सणातला एक अख्खा दिवस कुत्र्यांचा. आम्हाला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं आणि आम्ही फराळाला बसलो होतो. त्या रात्री त्या माळेचा अर्थ लागला.

पण कुत्र्याला उन्हाळ्यात राखण द्यायची तर कशाची? उत्तर मिरकरवाड्याला मिळालं. रत्नागिरीत बर्फ म्हटलं की तो मासळीचा. बंदरावर होड्या बर्फ भरून घेऊन समुद्रात जातात आणि मासळी बर्फात पुरून आणतात. आठवड्याभरानं मी मासळीला गेले, तर क्रेटमधून पाणी ठिबकत होतं त्या ओल्या पट्ट्यात बंदरावरची पाच-सहा कुत्री ओळीनं पडली होती. एक कुत्री बर्फाचा खडा दोन पंजांत धरून चाटत होती, सावकाश, डोळे मिटून. तो बर्फ खायचा नव्हे. मी घरी आले आणि इडलीपात्र काढलं.

आमच्याकडे आढी लागलेलीच होती. माजघरात भाताच्या पेंढ्यावर आंब्यांचे थर, आणि घरभर तो वास. पेटीत भरायचे ते भरले जातात. डागी, फुटका, वानरांनी ओरबाडलेला, आत साका निघालेला आंबा मागे राहतो. खंड्याचा आंबा मी त्यातूनच निवडते, आणि डागी भाग कापून टाकते. साल पूर्ण काढायची, कारण आंब्याच्या देठाकडचा चीक माणसाच्याही ओठांना पोळतो. बाठ तर आधी काढून, झाकणाच्या डब्यात टाकायची. बाठीला लागलेला गर कुत्र्याला मोह घालतो, आणि गिळलेली बाठ आतड्यात अडकली तर पोट फाडून काढावी लागते. उरलेला गर तेवढ्याच पाण्यात कुस्करायचा, त्यात दोन चमचे घरचं बिनसाखरेचं दही घालायचं, आणि इडलीपात्राच्या वाट्यांत ओतून फ्रीजरमध्ये. चार-पाच तासांत घट्ट होतं, मधेच लाईट गेली नाही तर.

आंबा गोड, म्हणून त्याचं रोज नाही. कलिंगडाचं जास्त वेळा होतं. भात कापल्यावर आमच्या भागात त्याच शेतात कलिंगडं लावतात, उन्हाळ्यात हायवेच्या कडेनं त्यांचे ढीग दिसतात. त्यात ९२ टक्के पाणीच. बिया वेचायच्या, पांढरी साल टाकायची, लाल गर गाळायचा. कधी शहाळ्याचं पाणी थोडं, कधी पिकली पपई बिया काढून, कधी वेलची केळं. आणि काहीच नसेल तर सकाळची बिनमिठाची पातळ पेज. भाताची पेज थिजवून द्यायची कल्पना सासूबाईंची. खंड्याला ती आंब्याइतकीच आवडते.

आंब्याकडे मात्र तो ज्या नजरेनं बघतो, तिचं कारण मला पुढं कळलं. माणसाच्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. पण गोडाची चव त्याला कळते. मांजराला ती कळतच नाही. त्यातही पिकल्या फळांत असणारं फ्युरॅनिऑल नावाचं एक द्रव्य कुत्र्याच्या जिभेतल्या मज्जातंतूंना जागं करतं, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. आणि हेच द्रव्य हापूसच्या वासाचं एक मोठं गुपित आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसमध्ये ते कसं तयार होतं याचा माग काढला, त्यामागचं जनुकही शोधलं. हे वाचलं त्या दिवशी मी आढीजवळ कितीतरी वेळ बसून राहिले. ज्या वासासाठी मुंबईच्या घरांत पेटीची वाट बघतात, ज्या वासाच्या बळावर २०१८ साली आमच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वासाची ओळख खंड्याच्या जिभेला जन्मापासून आहे. बागेतल्या प्रत्येक पिकल्या आंब्याची खबर त्याला आमच्याआधी लागते. आणि तरीही झाडाखाली पडलेला आंबा तो हुंगतो आणि राखतो. वानराला धरू देत नाही.

प्रेमानं दिलेलं सगळंच त्याला सोसत नाही, हे मला शिकावं लागलं. आमरसात आपण जायफळ किसतो. ते कुत्र्याला विषारी, म्हणून त्याचा गर आमरस करण्याआधी बाजूला काढायचा. द्राक्षं आणि बेदाणे त्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. त्याचं कारण म्हणून पशुवैद्यक द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा चिंचेचं सारही नाही. शुगर-फ्री पदार्थांतलं झायलिटॉल त्याचं यकृत निकामी करू शकतं. बर्फ दगडासारखा कडक झाला तर दात तुटतो, म्हणून वाटी दहा मिनिटं बाहेर ठेवून कडा सुटल्यावरच द्यायची. आणि खाऊ तो खाऊच. दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापलीकडे जायचं नाही. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि गावठी कुत्र्याचं अंग सडपातळ असण्यातच त्याचं आयुष्य आहे.

आता रोजचा नेम ठरला आहे. तीन वाजता फ्रीजर उघडल्याचा आवाज होतो आणि पोफळीच्या आळ्यातून दोन कान वर येतात. खंड्या धावत येत नाही. तो पडवीच्या पायरीपर्यंत येतो, बसतो, आणि वाटीकडे न बघता माझ्याकडे बघतो. गोळा त्याच्या ताटलीत पडला की आधी नुसता श्वास सोडतो त्यावर. मग चाटतो, थांबतो, पुन्हा चाटतो. पहिल्या दिवशी त्याला वाटलं असावं की हे काहीतरी जिवंत आहे. त्यानं पंजानं ते हलवून पाहिलं होतं. आता दोन पंजांत धरून, मिरकरवाड्याच्या त्या कुत्रीसारखे डोळे मिटून, तो ते संपवतो. हळूहळू त्याच्या बरगड्यांची हालचाल मंदावते. जिभेचा गडदपणा जातो, ती गुलाबी होते. दहा-बारा मिनिटांचा हा सोहळा मी काम टाकून बघते. एका जिवाच्या अंगातली आग आपल्या डोळ्यांदेखत विझताना बघण्याइतकं शांत सुख उन्हाळ्यात दुसरं नाही.

इडलीपात्रात वाट्या बऱ्याच असतात. त्यांत वरून घातलेली साखर नाही, मीठ नाही, फक्त फळ आणि फार तर दही. त्यामुळे मुलंही तेच खातात, आणि एक वाटी खोपीकडे जाते. चार वाजता वानरं येतात तेव्हा आता उन्हात दोघंही धावत नाहीत. गुरखा गलोल घेऊन सावलीतून पुढं होतो, खंड्या जागेवरूनच भुंकतो, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. दहा-वीस आंबे जास्त जातात. जाऊ देत.

सासूबाई आता नाहीत. जागेच्या राखणदाराचा नारळ मी दरवर्षी ठेवते, आणि त्याच दिवशी खंड्याच्या ताटलीत आंबा पडतो. पहिला मान कुणाचा, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

यंदा आढी लावाल तेव्हा वरच्या थरातला एक आंबा बाजूला काढून ठेवा. साल काढा, बाठ काढा, गर गोठवा. बाग नसली तर कलिंगडाची एक फोड चालेल, तीही नसली तर पेज. तुमच्या गल्लीचा, तुमच्या जिन्याखालचा, तुमच्या फाटकाबाहेरचा राखणदार दुपारी तीन वाजता सावली शोधत असतो. त्याचा वाटा त्याला द्या.