भाषेच्या आडून वंश

गोऱ्या राष्ट्रवादाचे आजचे प्रवक्ते वंशाचे नाव क्वचितच घेतात. संस्कृती टिकली पाहिजे, वारसा जपला पाहिजे, इंग्रजीचे स्थान ढळता कामा नये, असे ते म्हणतात. भाषा आणि सत्ता यांचा अभ्यासक म्हणून मला हा दावा इतिहासावर घासून पाहावासा वाटतो. त्यासाठी अमेरिकेतले १९२३ हे एक वर्ष पुरेसे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले. पंजाबातून गेलेले थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्वाच्या कायद्यात 'गोरे' ही अट १७९०पासून होती. १८७०मध्ये त्यात फक्त आफ्रिकी वंशीयांची भर पडली होती. आपण आर्य म्हणून गोरेच, असे थिंड यांचे म्हणणे होते, आणि त्याला उच्चवर्णीय रक्ताच्या शुद्धतेची जोडही होती. आपल्याला ते बोचले पाहिजे. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकालात म्हटले की 'आर्य' ही संज्ञा भाषेची आहे, आणि भाषांचे प्राचीन नाते वंश सिद्ध करत नाही. सामान्य माणूस कोणाला गोरा समजतो, हेच महत्त्वाचे. युरोपीयांची मुले लवकर मिसळून जातात, भारतीयांच्या मुलांवर मात्र कुळाची खूण कायम राहील, असेही त्यांनी लिहिले. म्हणजे त्या मुलांनी कितीही अस्खलित इंग्रजी बोलले, तरी उपयोग नव्हता.

चारच महिन्यांनी त्याच न्यायालयासमोर उलटे प्रकरण आले. युद्धकाळातल्या जर्मनद्वेषाच्या लाटेत नेब्रास्का राज्याने १९१९मध्ये आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी परकी भाषा शिकवण्यास बंदी केली होती. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवले म्हणून रॉबर्ट मायर या शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सदरलँड यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. जर्मन लोकांच्या गोरेपणाविषयी कायद्याला शंका नव्हती, म्हणून त्यांच्या मुलांना भाषा बदलून मिसळण्याची वाट मोकळी होती, किंबहुना त्यांच्यावर तशी सक्तीच होती. थिंड यांच्या मुलांना तीच वाट बंद होती. माझ्या मते भाषेच्या रक्षणामागचा वंश इथे उघड दिसतो.

यावर आक्षेप येईल की आपली भाषा जपण्याचा हक्क प्रत्येक समाजाला आहे, मराठी माणसाने तो इतरांना कसा नाकारावा? मी नाकारत नाही. कसोटी एवढीच की ती भाषा शिकणाऱ्याला दार उघडते का. मराठी शिकून आपल्यात आलेल्याला आपण आपला मानतो, तेव्हा तो भाषाभिमान असतो. शिकूनही परका ठरवतो, तेव्हा आपणही सदरलँड यांचीच री ओढत असतो.

दुसरा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. तत्काळ बेकायदा कृती घडवण्याच्या हेतूने केलेली आणि तशी कृती घडण्याची शक्यता असलेली चिथावणीच तेवढी दंडनीय, असे अमेरिकी न्यायालयाने १९६९मध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या पुढाऱ्याच्या खटल्यात ठरवले. ही मर्यादा मला योग्य वाटते. पण खटला नाही म्हणून जाबही नाही, असे कुठे आहे? इंग्रजीला राजभाषा करण्यासाठी १९८३मध्ये स्थापन झालेल्या 'यू. एस. इंग्लिश'चे सहसंस्थापक जॉन टँटन यांचे १९८६चे खासगी टिपण दोन वर्षांनी वृत्तपत्रात आले. गोऱ्यांची सत्ता घटत असल्याची आणि लॅटिनो लोकांच्या जननदराची धास्ती त्यात होती. संस्थेच्या अध्यक्षा लिंडा चावेझ यांनी राजीनामा दिला आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यासाठी कोणत्याही बंदीची गरज पडली नाही.