अंक खेड्यातून निघायचा

आमच्या लहानपणी वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं यायचं. आजोबांची नजर अधू झालेली, म्हणून मी मोठ्यानं वाचायचो. मंत्र्यांची भाषणं ते ‘पुढं चल’ म्हणत उडवून लावायचे; कांद्याचा भाव मात्र दोनदा वाचायला लावायचे. मग तोच अंक फडताळात अंथरला जाई, नाहीतर माझ्या वह्यांवर चढे. आमच्या गावाचं नाव त्यात यायचं ते टँकर सुरू झाला किंवा ट्रॅक्टर उलटला, तरच.

पुढे शहरातल्या एका दैनिकात मी उपसंपादक झालो. तालुक्यांहून बातमीदारांची पाकिटं यायची. कुठे बियाणं उगवलेलं नसे, कुठे शाळेला मास्तर नसे. चार कागदांची बातमी चार ओळींत बसवणं हे माझं काम. ऐनवेळी जाहिरात आली की त्या चार ओळीही जायच्या.

त्या दिवसांत मुकुंदराव पाटलांविषयी वाचलं आणि चक्रावलो. कृष्णराव भालेकरांचे हे चिरंजीव. सत्यशोधक विचारांचा ‘दीनबंधु’ वडिलांनी १८७७ मध्ये पुण्यातून काढला. मुलानं १९१० मध्ये ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलं, ते थेट नगर जिल्ह्यातल्या सोमठाण्याहून आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून. छापखाना, कागद, खिळे, सगळा व्याप खेड्यात. वर्गणी देणारा शेतकरी तर पावसाच्याच भरवशावर!

वाचता येणारेच थोडे, तिथे अंक कुणासाठी? याचं उत्तर मुकुंदरावांच्या लेखणीतच आहे. शेतकऱ्याला नाडणाऱ्या कुलकर्ण्यांवर त्यांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ रचलं, तेही पोथीच्या थाटात. पोथी ऐकायला गावाचा कान तयारच होता. एकानं वाचायचं, दहांनी ऐकायचं. आमच्या ओसरीवर आजोबा आणि मी दुसरं काय करत होतो? फरक एवढाच, की आमच्या हातातल्या अंकात आमचं काही नसायचं.

१९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुकुंदरावांनी संपादकाचं काम सोडलं नाही. आज तालुक्या-तालुक्याची पुरवणी निघते, रंगीत निघते. पण त्यातला बराचसा मजकूर पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचा. गावातल्या शिकलेल्या पोरांना म्हणूनच सांगावंसं वाटतं: ग्रामसभेत काय ठरलं, रेशनचं धान्य कुठे गेलं, ते तुम्हीच लिहा. त्यासाठी गाव सोडावं लागत नाही, हे मुकुंदरावांनी ५७ वर्षं दाखवून दिलं आहे.